सुई नाचते, पण शब्द पोहोचत नाही

वरूड तालुक्यातल्या एका तरुण मित्राने विचारलं आहे, "काका, हॅमचा परवाना नुकताच हातात आला. जुना सीबी सेट होता, तो 28 मेगाहर्ट्‌झच्या बँडवर वळवून घेतला. एएमवर बोलतो. त्याच्यामागे बाहेरदेशातून आलेला, '150 वॅट' लिहिलेला सेकंडहँड लिनियर लावला. वाडीतल्या घरी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवतो. मीटरची सुई 90 पर्यंत जाते. काटोलचा मित्र म्हणतो, 'आवाज तं लय दणक्यात येऊन राहिला, पण समजून काहीच नाही राहिलं.' लिनियर काढला की समजतं, पण बारीक येतं. 300 वॅटचा मिळून राहिला, घेऊ का?"

नको घेऊ. जो आहे त्याचेच वॅट कमी कर. हे वाचून तुला वाटेल की काका भलतंच सांगून राहिले, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नवख्या वाचकांसाठी दोन शब्द: हॅम म्हणजे परवाना घेऊन केलेला हौशी रेडिओ, सीबी म्हणजे सर्वसामान्यांसाठीचा कमी ताकदीचा सिटिझन बँड, एएम म्हणजे लाटेची उंची कमी-जास्त करून आवाज पाठवायची पद्धत, आणि लिनियर म्हणजे सेटमागे लावायचा, त्याची ताकद वाढवणारा डबा.

आधी कायद्याचं उरकून टाकतो. आपल्याकडे 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्‌झ हा सिटिझन बँड 2005 पासून विनापरवाना वापरता येतो, पण मर्यादा 5 वॅट. तिथे लिनियर लावायचाच नाही. तू 28 वर आहेस, परवाना आहे, ठीक. तरी परवान्यावर किती वॅट लिहिलेत ते वाच आणि सेट खरंच 28 च्या वर चालतो का, ते दुसऱ्या रिसीव्हरवर तपासून घे. वळवलेले सेट कधीकधी जुन्या ठिकाणीही ट्रान्समिट करतात. आणि हा सेट गाडीत टाकून गडचिरोलीकडे हिंडायला जाऊ नकोस. कागद नसले तर तिथे तुझं रेडिओवरचं प्रेम कुणी समजून घेणार नाही.

आता त्या डब्याची जन्मकथा. अमेरिकेत सीबीवर एएमला 4 वॅट कॅरिअर (मूळ लाट) आणि एसएसबीला, म्हणजे लाटेची एकच बाजू पाठवायच्या पद्धतीला, 12 वॅट पीक (शिखर) एवढीच परवानगी आहे. लिनियर लावायला तिथेही बंदी. म्हणजे असा डबा ज्यांच्यासाठी बनतो, त्यांच्याच देशात तो बेकायदा. त्याला कुठली तपासणी पास करायची नसते. म्हणून झाकणावर वाटेल तो आकडा लिहितात, आतला फिल्टर गाळून पैसे वाचवतात आणि वर 'लिनियर' हे नावही ठोकून देतात. लिनियर म्हणजे आत जाईल त्याच आकाराचं, फक्त मोठं होऊन बाहेर येईल असं. तुझ्या डब्यातून मोठं येतं. आकार मात्र आतच राहतो.

हे कसं होतं ते तुझ्याच आकड्यांवर बघू. एएममध्ये तू गप्प असताना जे जातं ते कॅरिअर. तुझा आवाज त्या कॅरिअरला वर-खाली हलवतो, हेच मॉड्युलेशन. पूर्ण मॉड्युलेशनला शिखरावर व्होल्टेज दुप्पट होतं, आणि व्होल्टेज दुप्पट म्हणजे पॉवर चौपट. 4 वॅटच्या सेटचं शिखर 16 वॅटला जातं. तसंच तुझं कॅरिअर 90 असेल तर शिखरावर 360 वॅट पाहिजेत. डब्यावर लिहिलंय 150, तेही खरं मानलं तर. म्हणजे तू बोलायला तोंड उघडलं की लाट वर चढते आणि अर्ध्या वाटेत छताला टेकते. डोकं चपटं होतं. काटोलवाल्याला ऐकू येतो तो चपट्या डोक्याचा आवाज.

त्यात गंमत अशी की कॅरिअरमध्ये एक अक्षरही नसतं. शब्द असतात ते त्याच्या दोन्ही बाजूंच्या साइडबँडमध्ये. पूर्ण मॉड्युलेशन असतानासुद्धा एकूण पॉवरचा दोन तृतीयांश वाटा कॅरिअर खातो आणि उरलेल्यात दोन्ही साइडबँड भागवतात. तू कॅरिअर फुगवलं आणि साइडबँडला जागाच ठेवली नाही. काटोलला दणका पोहोचतो तो या रिकाम्या कॅरिअरचा. त्याच्या सेटचा एस-मीटर (येणाऱ्या सिग्नलची ताकद दाखवणारा) वर जातो, तो म्हणतो दणक्यात आहे. बैलगाडी भरभरून आली, पण पोत्यात भुसा.

दुसरी गोष्ट आपल्या भाषेची. बोलण्यातला जोर स्वरांत असतो, अर्थ बराचसा व्यंजनांत. 'आ' म्हटलं की सुई उसळते. 'क', 'ख', 'त', 'थ' यांना सुई जागची हलत नाही. ही व्यंजनं कमी ताकदीची, क्षणभराची आणि उंच सुराची. लाट चपटी झाली की स्वरांमधून नवनवे खोटे सूर जन्मतात आणि ते नेमके या व्यंजनांच्या जागेवर येऊन बसतात. म्हणून 'खत' की 'गत' की 'कट' ते कळत नाही, पण कुणीतरी जोरात बोलतोय हे पक्कं कळतं. काही खोटे सूर तर तुझ्या फ्रिक्वेन्सीच्या दोन्ही अंगांना पसरतात. शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर बोलणाऱ्याला नुसती चरचर ऐकू येते, आणि ती कुणाची हेही त्याला कळत नाही.

इथे एक खुलासा. आवाज दाबणं दरवेळी वाईटच असतं असं नाही. माइकच्या टप्प्यावर नीट बनवलेला कंप्रेसर, ज्याच्यामागे फिल्टर आहे, तो तीन-चार डेसिबल लावला तर व्यंजनं उचलून धरतो आणि कमजोर सिग्नलही समजतो. पण ते काम माइकजवळ होतं, फिल्टरच्या आधी. शेवटच्या ट्रान्झिस्टरमध्ये चुरगाळलेलं पुढे कुणी इस्त्री करत नाही. तुझ्या सेटमध्ये कुणी 'ट्यूनिंग' करताना मॉड्युलेशन लिमिटरचा ट्रान्झिस्टर किंवा डायोड कापला आहे का, तेही बघ. जुन्या सीबी सेटमध्ये हे हमखास सापडतं. आवाज मोठा करून देतो म्हणून सांगतात आणि कटर चालवतात. कापला असेल तर परत जोड.

आता डब्याची परीक्षा. ऑसिलोस्कोप (लाटेचा आकार दाखवणारं यंत्र) नसला तरी चालेल. लिनियरच्या बारा व्होल्टच्या वायरमध्ये अँपिअरमीटर लाव, अँटेनाच्या जागी डमी लोड, म्हणजे पॉवर बाहेर न जाऊ देता पिऊन टाकणारे रेझिस्टर. सेट एसएसबीवर टाक, लिनियरचं बटणही एसएसबीवर, आणि काही न बोलता पीटीटी (माइकवरचं बोलायचं बटण) दाब. काही डब्यांत रिले (विजेने चालणारा स्विच) आरएफ, म्हणजे सेटची रेडिओ लाट, आल्यावरच ओढतो, म्हणून हलकेच एकदा 'ह' म्हण आणि लगेच गप्प होऊन मीटर बघ. नुसत्या रिलेपुरते शंभरेक मिलिअँपिअर दिसले तर ट्रान्झिस्टरला बायसच, म्हणजे गप्प असतानाही त्याला जागं ठेवणारा थोडासा करंटच, नाही. तो डबा क्लास सी, म्हणजे लाटेचा फक्त वरचा भाग उचलणारा आहे. क्लास सी एफएमला चालतं, मोर्सला चालतं; एएमच्या आवाजाला तो खालून कुरतडतो, एसएसबीचे तर तुकडे पाडतो. दोन ट्रान्झिस्टरच्या क्लास एबी (बायस असलेल्या) डब्याने गप्प असतानाही काही शे मिलिअँपिअर ओढायला पाहिजेत. कित्येक स्वस्त डब्यांत ते एसएसबीचं बटण फक्त रिले उशिरा सुटावा म्हणून एक कॅपॅसिटर जोडतं, बायसशी त्याचा काही संबंध नसतो. मी असे डबे उघडून पाहिलेत. बटण बाहेर मोठं रुबाबदार, आत एवढासा कॅपॅसिटर.

बायस नसेल तर तो घालता येतो, पण वैदर्भी उन्हाळा ध्यानात ठेवून. मे महिन्यात टिनाच्या खोलीत हीटसिंकवर हात ठेववत नाही. ट्रान्झिस्टर तापला की जास्त करंट ओढतो, जास्त ओढला की आणखी तापतो, आणि संपतो. बायसचा डायोड हीटसिंकला, ट्रान्झिस्टरच्या अगदी लगत चिकटवायचा, म्हणजे तोही सोबत तापून बायस खाली आणतो. बोर्डावर दूर कुठेतरी ठेवलेला डायोड दिसला तर तो आधी हलव.

डमी लोड विकत घ्यायची गरज नाही. 1 किलोओहमचे 2 वॅटचे वीस रेझिस्टर शेजारी शेजारी जोडले की 50 ओहम, 40 वॅट होतात. कार्बन किंवा मेटल-ऑक्साइडचे घे. वायर गुंडाळलेले नकोत, ते कॉइलसारखे वागतात. दोन तांब्याच्या पट्ट्यांमध्ये ते शिडीसारखे बसव आणि पाय शक्य तेवढे आखूड ठेव.

मग हा उपाय कर. सेट आणि लिनियर यांच्यामध्ये 6 डेसिबलचा पॅड टाक, म्हणजे पॉवर चौथा हिस्सा करणारी तीन रेझिस्टरांची जोडणी. मध्यभागी 37 ओहमच्या जवळपास, दोन्ही टोकांना जमिनीकडे 150 ओहम. मधला रेझिस्टर 39 चा मिळतो, चालतो. प्रत्येकी 5 वॅटचे घे, आणि तेही वायर गुंडाळलेले नकोत. एक मात्र सांभाळ: बहुतेक डब्यांत रिसीव्हिंगही त्याच वायरीतून येतं, म्हणून पॅड लिनियरच्या आत, रिलेच्या ट्रान्समिट बाजूलाच बसव, नाहीतर ऐकण्याचा सिग्नलही चौथा हिस्सा होईल. आता 4 वॅटऐवजी 1 वॅट आत जातो, बाहेर 25 च्या आसपास कॅरिअर येतं आणि शिखर 100 ला जातं. हे त्या ट्रान्झिस्टरांच्या आवाक्यातलं आहे.

सुई 90 वरून 25 वर आली म्हणून जीव खालीवर होऊ देऊ नकोस. 90 आणि 25 मधला फरक साडेपाच डेसिबल. एस-मीटरचा एक घर म्हणजे 6 डेसिबल. काटोलला तुझी सुई एक घरसुद्धा खाली जाणार नाही, आणि शब्द मात्र मोकळे होतील. हाच हिशेब उलटा केला तर 300 वॅटच्या डब्याचं कळतं. वॅट चौपट केले की समोरच्याचा मीटर एक घर वर जातो, बस. खिसा आणि बॅटरी मात्र चौपट रिकामी होते.

बॅटरीचा विषय निघालाच आहे. 90 वॅट बाहेर काढायला तुझा डबा 15 अँपिअर तरी ओढतो. तू वायर कोणती लावलीस ते लिहिलं नाहीस, पण घरातली लाइट फिटिंगची 1 स्क्वेअर मिलिमीटरची असेल आणि बॅटरी तीन मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन सहा मीटर तांबं झालं. 15 अँपिअरला त्यात दीड व्होल्टच्या वर जातो. डब्यापाशी उरतात पावणेअकरा-अकरा. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने घटते, म्हणजे चौथा हिस्सा तिथेच गेला, आणि नेमका शिखराच्या क्षणी छत आणखी खाली येतं. मल्टिमीटर बॅटरीवर नाही, डब्याच्या टर्मिनलवर लाव आणि बोलताना बघ. 6 स्क्वेअरची वायर घाल, फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलजवळ दे. ट्रॅक्टरच्या बॅटरीतून शॉर्ट झालेली वायर काय करते ते तू शेतकरी आहेस, तुला सांगायला नको.

आता जिथे खरा पैसा घालायचा तिथे येऊ. वरूड ते काटोल सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर. रेडिओची क्षितिजरेषा अँटेनाच्या उंचीवर ठरते: उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ गुणिले 4.12, इतके किलोमीटर, आणि दोन्हीकडची बेरीज. तुझी अँटेना 4 मीटरवर आणि त्याचीही 4 मीटरवर असेल तर बेरीज साडेसोळा किलोमीटर. दोघांच्या 12 मीटरवर गेल्या तर साडेअठ्ठावीस. त्यापुढचं अंतर लाट जमिनीच्या उंचवट्यांना वळसा घालत कापते, आणि तिथे प्रत्येक मीटर उंचीची किंमत मोठी असते. सपाट रानात ढोबळ हिशेब असा की एका बाजूची उंची दुप्पट केली की सिग्नल 6 डेसिबलने वाढतो. म्हणजे वॅट चौपट केल्यासारखं, आणि तेही बोलताना आणि ऐकताना, दोन्ही वेळा. लिनियर ऐकताना काडीचाही उपयोगी पडत नाही. मोठ्या तोंडाचा आणि बहिऱ्या कानाचा माणूस गावात असतो ना, तसं होतं.

तुझ्याकडे संत्र्याच्या फांद्यांना टेका द्यायला आणलेले बांबू असतीलच. तीन बांबू एकमेकांना दीड-दीड हात जोडून बांध, चारही बाजूंनी ताण दे. 29 मेगाहर्ट्‌झसाठी अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल (मध्ये केबल जोडलेली, दोन सारख्या तारांची अँटेना) एकूण साधारण 4.93 मीटर लागतो, दोन्हीकडे अडीच मीटरला थोडं कमी. आधी जरा लांब कापायचं आणि मीटर बघत बोटाबोटाने कमी करायचं. उभारायच्या आधी वर बघ: अकरा केव्हीची लाइन बांबूच्या उंचीच्या दुप्पट अंतरापेक्षा जवळ असेल तर जागा बदल. आणि पावसाळ्यात ढग गडगडू लागले की केबल सेटपासून सोडवून खोलीबाहेर ठेव. वीज पडते ते आपल्या भागात दरवर्षी बघतो आपण.

काटोलवाल्याला एक विचार: त्याची अँटेना उभी आहे का आडवी? गाडीवरच्या दांडीसारखी उभी असेल आणि तुझा डायपोल आडवा, तर जमिनीलगतच्या अशा रस्त्यावर 15-20 डेसिबल सहज जातात. तेवढं भरून काढायला तुला वॅट तीस ते शंभर पटीने वाढवावे लागतील. डायपोल उभा टांगला की फुकटात परत मिळतात.

केबल कोणती ते बघ. आरजी-58 ची बारीक केबल तीस मीटर असेल तर 28 मेगाहर्ट्‌झला चाळीस टक्क्यांहून जास्त पॉवर ती वाटेतच पिते. जाड आरजी-213 तेवढ्याच लांबीला वीस-बावीस टक्क्यांवर भागवते. बारीक केबलची आणखी एक लबाडी आहे. परत येणारी पॉवरही ती पिते, त्यामुळे खोलीतल्या मीटरवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) झकास दिसतो आणि तू खूश होतोस. एसडब्ल्यूआर एकदा तरी अँटेनाच्या बुडाशी मोज. तिथे 1.5 असला तर चार टक्के परत येतात, सोडून दे. 3 असला तर पंचवीस टक्के, आणि त्यावर लिनियर चालवू नकोस.

ऐकण्याकडे सगळे दुर्लक्ष करतात. मित्र तुलाही बारीकच ऐकू येत असेल. रात्री रेडिओवर सेकंदाला एक 'टक्' येतो का? तो रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी कुंपणाला लावलेल्या झटका मशीनचा. तारेला गवत टेकलं असेल किंवा इन्सुलेटर फुटला असेल तर तिथे ठिणगी पडते आणि ती रेडिओत येते. कुंपणाच्या कडेने अंधारात चालत जा, ठिणगी डोळ्यांनी दिसते, गवत कापलं की टक् थांबतो. दिवसा सतत घूं येत असेल तर सोलर पंपाचा कंट्रोलर बघ. ही खरखर एस-मीटरवर दोन घरं खाली आली तर ते काटोलवाल्याने वॅट सोळापट केल्यासारखं आहे.

शेवटी फिल्टर. चपटी लाट म्हणजे हार्मोनिकचं, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट-तिप्पट जागी उगवणाऱ्या खोट्या लाटांचं पीक. 29 चा दुसरा हार्मोनिक 58, तिसरा 87, चौथा 116 मेगाहर्ट्‌झ. 87 एफएम रेडिओच्या दारात, आणि 116 विमानांच्या दिशादर्शक बँडमध्ये, जो 108 पासून जवळपास 118 पर्यंत आहे. नागपूरला उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत आपला कचरा टाकणं ही चेष्टा नव्हे. लिनियरनंतर लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) असलाच पाहिजे, आणि डब्यात तो नाही असंच समजून चाल.

मी हे सगळं शहाणपणाने शिकलो असं समजू नकोस. पंचवीसेक वर्षांपूर्वी मीही एक डबा जुळवला होता. मीटर बघून छाती फुगायची. एका संध्याकाळी 'सीक्यू सीक्यू' (कुणी आहे का, अशी हॅमवाल्यांची हाक) करत बसलो आणि पोरगा धावत आला, "काका, देवळात तुमचा आवाज येऊन राहिला!" देवळाच्या भोंग्यावर सामुदायिक प्रार्थना चालू होती, आणि मध्येच मी. भोंग्याची लांब वायर माझी अँटेना झाली होती आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटमधल्या ट्रान्झिस्टरने माझं एएम आपसूक डिटेक्ट केलं होतं. एवढ्या जवळ स्वच्छ सिग्नलनेही हे होतं, नुसत्या ताकदीने. पुढे भोंग्याच्या आणि माइकच्या वायरला फेराइटच्या रिंगवर सात-आठ वेढे दिले, माझी पॉवर उतरवली, अँटेना देवळाच्या विरुद्ध अंगाला नेली, तेव्हा थांबलं. पण त्या संध्याकाळी भजनी मंडळातला एक म्हातारा बाहेर आला आणि म्हणाला, "भाऊ, बोलून काय राहिला होता ते मात्र समजलं नाही." देवळातल्या लोकांनाही माझा शब्द कळला नव्हता. मीटर शंभरावर होता.

आता एक काम कर. पॅड बसव, वायर बदल, आणि मग काटोलवाल्याला हातात कागद-पेन घ्यायला सांग. तू एकेक शब्द एकदाच बोल, मध्ये पाच सेकंद थांब: काल, गाल, खाल, घाल, चाल, जाल, ताल, डाल, पाल, फाल, भाल, माल. क्रम तुझ्या मनाने बदल, त्याला आधी सांगू नकोस. तो जे ऐकेल ते लिहील. आधी पॅडशिवाय 90 वर एकदा, मग पॅडसह 25 वर एकदा. दोन्ही कागद आणि पीटीटी दाबल्यावरचा तो गप्प करंट किती आला, एवढं मला कळव. पुढचं त्यावरून बघू.